गलबताच्या लहान प्रतिकृतीसाठी कोणती हातहत्यारे घ्यावीत?

वाघोटणकाठ

नमस्कार मंडळी,

मी देवगड तालुक्यात, वाघोटण खाडीच्या काठावरील एका गावात राहतो आणि शाळेत शिकवतो. गेल्या वर्षी घरच्या गणपतीपुढे आरास म्हणून पुठ्ठ्याचे गलबत केले होते. आल्यागेल्यांनी कौतुक केले, परंतु त्याची वल्ही म्हणजे सरळसरळ आइस्क्रीमच्या काड्या होत्या आणि आरतीला उभे राहिले की माझी नजर नेमकी तिथेच जात असे. म्हणून आता लाकडी गलबत करायला घेतले आहे, प्रमाण १:५०.

अठराव्या शतकातील इंग्रज इतिहासकार रॉबर्ट ऑर्म याने आंग्र्यांच्या आरमाराचे जे वर्णन केले आहे, त्यानुसार मोठ्यात मोठे गलबतसुद्धा क्वचितच ७० टनांच्या वर जाई, त्याला दोन डोलकाठ्या असत आणि ते ४० ते ५० वल्ह्यांनी वल्हवले जाई. लांबी मी माझ्यापुरती २० मीटर धरली आहे, म्हणजे प्रतिकृती ४० सेंटिमीटरची होईल. या प्रमाणात प्रत्यक्षातले ५ सेंटिमीटर म्हणजे माझ्या मेजावरचा १ मिलिमीटर. २० सेंटिमीटर रुंदीची फळी ४ मिलिमीटरची होते आणि खिळ्याचे अडीच सेंटिमीटरचे डोके अर्ध्या मिलिमीटरचे. कागदावर हा हिशेब अर्ध्या तासात झाला. हत्यारांपाशी मात्र गाडी अडली आहे.

मी ऑनलाइन चाळीसेक नगांचा एक संच मागवला होता. चिमट्याची टोके एकमेकांना भेटतच नाहीत. हाताने फिरवायच्या ड्रिलमध्ये, म्हणजे पिन व्हाइसमध्ये, बारीक पाते बसवले की ते भोवऱ्यासारखे हेलकावे घेते. कानशी बऱ्या वाटत होत्या, पण मृगाचा पाऊस सुरू झाल्यावर पंधरा दिवसांत त्यांच्यावर तांबूस थर आला; मी खोबरेल तेल लावले होते, तरीही आला. याखेरीज घरात वडिलांची एक इंची पटाशी, रंधा आणि मोठी करवत आहे. ती हत्यारे उत्तम आहेत, पण ४ मिलिमीटरच्या फळीसाठी ती काढणे म्हणजे मुंगीवर मुसळ उचलणे आहे.

चार हजार रुपयांपर्यंत खर्च करता येईल. पावसाळ्यात आमच्याकडे वीज दिवसदिवस नसते, त्यामुळे विजेवर चालणारे काहीही नको. आधी काय घ्यावे, काय अजिबात घेऊ नये आणि या हवेत ते टिकवावे कसे, हे अनुभवी मंडळींनी सांगावे.

निवृत्त_निदेशक

वाघोटणकाठ, नमस्कार. मी औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत फिटर शाखेला निदेशक होतो. आता रत्नागिरीत घरी बसून मचवे आणि होड्यांच्या प्रतिकृती करतो. मोठा संच घेण्याची चूक आमच्यातील बहुतेकांनी एकदा तरी केलेली आहे, त्यामुळे त्याबद्दल वाईट वाटून घेऊ नका. त्या डब्याचा डबा मात्र चांगला असतो, तो ठेवा.

चार हजारांत हे काम होते. माझे मत असे की त्यातील जवळजवळ निम्मी रक्कम पिन व्हाइस आणि चिमटा या दोनच वस्तूंवर घालावी. करवत थोडी बोथट असली तर हात जास्त चालवावा लागतो आणि सुरीचे पाते बदलता येते. परंतु पिन व्हाइसचा जबडा मुळात तिरका कापलेला असेल तर कितीही कसरत केली तरी भोक सरळ पडत नाही, आणि अर्ध्या मिलिमीटरच्या कामात तिरके भोक म्हणजे मोडलेले पाते.

म्हणून या दोन वस्तू शक्यतो हातात घेऊन पाहिल्याशिवाय विकत घेऊ नका. पिन व्हाइसमध्ये १ मिलिमीटरचे सरळ ड्रिल किंवा शिवणाची सुई बसवावी, दांडा बोटांमध्ये फिरवावा आणि फक्त टोकाकडे पाहावे. टोक जागच्या जागी फिरले तर वस्तू घ्यावी. टोकाने हवेत वर्तुळ काढले तर काउंटरवर परत ठेवावी, दुकानदार काहीही म्हणो. मागची टोपी मोकळी फिरणारी असली पाहिजे, कारण ती तळहातात टेकवून पुढचा दांडा दोन बोटांनी फिरवायचा असतो. चिमटा उजेडासमोर धरून हळूच दाबा. सर्वांत आधी टोके टेकली पाहिजेत आणि मधे फट दिसता कामा नये. मग जोर वाढवा. पुष्कळ चिमट्यांची टोके जोर वाढला की पुन्हा उघडतात किंवा एकमेकांवरून घसरतात, आणि तुमच्या गलबतावरचा एखादा पितळी तुकडा पडवीत कुठे उडाला हे मग गणपतीलाच माहीत. मी दुकानात जाताना खिशात कागद नेतो आणि त्यावरचा केस उचलून पाहतो. दोन आकार पुरतात: सरळ व थोडा दणकट ‘एए’ आणि चोचीसारखा वाकडा ‘७’. दोन्ही लोहचुंबकाला न चिकटणाऱ्या पोलादाचे घ्यावेत, कारण चिमट्यात चुंबकत्व शिरले की लोखंडी टाचणी तो सोडतच नाही.

ड्रिलच्या पात्यांबाबत एक गोष्ट नीट लक्षात ठेवा. सर्किट बोर्डांना भोके पाडणाऱ्या यंत्रांची कार्बाइडची पाती बाजारात मिळतात आणि ती धारदारही असतात, परंतु ती काचेसारखी ठिसूळ असतात. यंत्रात ती ताठ धरली जातात म्हणून टिकतात, हाताची किंचित थरथर त्यांना सोसत नाही. शिवाय त्यांचा दांडा ३.१७५ मिलिमीटरचा असतो आणि तो पुष्कळ लहान पिन व्हाइसमध्ये शिरतच नाही. तुम्हाला साधी हायस्पीड स्टीलची पाती हवीत: ०.५, ०.६, ०.८ आणि १ मिलिमीटर. त्यातही ०.५ ची किमान पाच घ्या, मोडणार आहेत. पाते जबड्याच्या बाहेर ८ ते १० मिलिमीटरच ठेवा. जागा आधी दाभणाने टोचून घ्या, दोन-तीन फेरे द्या, पाते बाहेर काढून भुसा झटका आणि पुन्हा घाला. घाई झाली की पाते मोडते, आणि मोडलेला तुकडा नेमका भोकातच अडकतो.

कापण्यासाठी शस्त्रक्रियेची सुरी घ्यावी. सर्जिकल साहित्याच्या दुकानात ३ नंबरची मूठ आणि ११ नंबरची टोकदार पाती मागा. ४ नंबरच्या मुठीत ११ चे पाते बसत नाही, तेव्हा नंबर लिहून न्या. सोबत १५ सेंटिमीटरची स्टीलची पट्टी घ्या, अर्ध्या मिलिमीटरच्या खुणा असलेली. प्लॅस्टिकची पट्टी पाते सोलून टाकते आणि चौथ्या फळीपासून तुमची सरळ रेघ वाकडी होऊ लागते.

कानशी नवीन घ्याल तेव्हा पितळेच्या आणि लाकडाच्या वेगळ्या ठेवा. कानस पुढे जाताना कापते, म्हणून मागे येताना ती उचलावी. मुले वर्षभर शिकूनही ही एक गोष्ट विसरत. दातांत खडू घासून ठेवला तर चुरा भरत नाही. खरे सांगायचे तर लाकडाला कानस लागतेच कमी. सपाट काडीवर १८० आणि ३२० नंबरचा पॉलिश पेपर चिकटवा, की लाकडासाठी याहून चांगली कानस नाही. गेल्या वर्षीच्या आइस्क्रीमच्या काड्या टाकल्या नसतील अशी आशा आहे.

राहिले धरून ठेवणे. फळ्या चिकटवताना पंधरा-वीस चाप लागतात आणि विकतचे छोटे शिकंजे घेण्यात पैसे घालवू नयेत. कपडे वाळत घालायचे लाकडी चिमटे घ्या, तार काढा, दोन्ही अर्ध्या उलट्या करून पाठीला पाठ लावा आणि तार पुन्हा चढवा. टोके सपाट होतात आणि पकड पहिल्यापेक्षा आत पोचते.

लाकडाबद्दल विचारलेले नाही, पण हत्याराच्या धारेशी त्याचा संबंध असल्यामुळे लिहितो. घरात सागाचे तुकडे पडलेले असतात म्हणून साग वापरू नका. सागात सिलिका असते आणि ती धार खाते. शिवाय त्याची छिद्रे या प्रमाणात इतकी मोठी दिसतात की फळीवर वाळवी लागल्यासारखे वाटते. शिवण किंवा हेद या झाडांचे लाकूड मिळाले तर पाहा. हेदाचे पिवळसर, एकसारखे बारीक पोत सुरीखाली फार छान वागते.

जंतरपट्टी

निदेशक सरांनी करवतीचा विषय सोडून दिला, तो मी घेतो. आमचे घर सावंतवाडीतील सोनारांचे आहे आणि मी लहानपणापासून जे हत्यार पाहत आलो तेच आपल्या छंदाला सर्वांत उपयोगी पडते, असे माझे प्रामाणिक मत आहे. बारीक पात्याची सोनारी करवत घ्या. तिची चौकट एकदा घेतली की जन्मभर पुरते आणि पाती डझनाने मिळतात.

पात्यांचे नंबर सुरुवातीला गोंधळात टाकतात: २/० हे ० पेक्षा बारीक आणि ४/० त्याहून बारीक. पाते निवडताना नियम असा, की कापायच्या वस्तूच्या जाडीत एका वेळी किमान दोन-तीन दात असले पाहिजेत. नाहीतर दात कडेला अडकतो आणि पाते तुटते. गलबताच्या बरगड्यांसाठी, म्हणजे सांगाड्याच्या आडव्या चौकटींसाठी, दीड मिलिमीटरचे प्लाय असेल तर २/० योग्य. दातांची टोके मुठीकडे, म्हणजे खाली हवीत, कारण ही करवत ओढताना कापते. पाते ताणून बसवल्यावर नखाने छेडावे; सतारीच्या तारेसारखा स्वच्छ आवाज आला पाहिजे, ‘थप्’ असा आला तर पुन्हा ताणावे. मेणबत्ती पात्याला एकदा घासून घ्यावी. मेजाच्या कडेला पाचराच्या आकाराची खाच असलेली लाकडी फळी पक्की बसवा आणि वस्तू त्या खाचेवर धरून करवत उभी, वरखाली चालवा. वळणावर पाते रेटायचे नाही. जागच्या जागी चालवत राहायचे आणि लाकूड हळूहळू फिरवायचे.

आता खिळ्यांचे. अर्ध्या मिलिमीटरची डोकी हवी असतील तर तुम्हाला जंतर लागेल. जंतर म्हणजे उतरत्या मापाची भोके असलेली पोलादी पट्टी. तिच्यातून तार ओढून बारीक करतात. पितळी तार आधी लाल तापवून मऊ करावी, टोक कानशीने निमुळते करावे, मेण लावावे आणि भोकाच्या रुंद तोंडाकडून घालून पकडीने ओढावी, एकेक भोक उतरत. तारेऐवजी बांबूची काडी वापरायची असेल तर उलटे करावे लागते: काडी अरुंद बाजूने घालावी, म्हणजे भोकाची धारदार कड तिला तासते. रुंद बाजूने घातली तर बांबू नुसता चेपला जातो आणि पाणी लागले की पुन्हा फुगतो. नव्या जंतरावर मात्र हा प्रयोग करू नका. सोनाराकडे झिजून बाजूला पडलेले एखादे जंतर असतेच, ते मागा. माझ्या वडिलांच्या चांगल्या जंतरातून मी एकदा बांबू ओढला होता. त्यावर घरात जे ऐकून घ्यावे लागले ते इथे लिहीत नाही.

आमच्या चितार आळीतील लाकडी खेळण्यांमुळे काही जण पांगाऱ्याचे लाकूड सुचवतील. ते परंपरेने खेळण्यांचे लाकूड आहे, मऊ आणि हलके. वर रंगाचे अस्तर चढते म्हणून तिथे शोभते. ४ मिलिमीटरच्या उघड्या फळीला त्याचे तंतू उभे राहतात.

छत्री_दुरुस्ती

सर्वांचे म्हणणे मान्य असूनही थोडा वेगळा सूर लावतो. एवढी खरेदी करण्याआधी माळ्यावर चढून जुनी काळी छत्री शोधा. तिच्या पोलादी काडीला आतून पन्हळीसारखी खाच असते. तीन इंच तुकडा कापा, टोक बाहेरच्या बाजूने पथरीवर, म्हणजे धार लावायच्या दगडावर, तिरके घासा आणि दुसऱ्या टोकाला लाकडी मूठ बसवा. २ मिलिमीटरची उत्तम गोल पटाशी झाली. अलीकडच्या फायबरच्या काड्यांच्या छत्र्या यासाठी निरुपयोगी. दाभणाचे टोक चपटे घासले की १ मिलिमीटरची सरळ पटाशी होते. घासताना तापू देऊ नका, मधूनमधून पाण्यात बुडवा, निळे पडले की त्याचा कडकपणा गेला. शिवणाच्या सुईचे नेढे मधोमध मोडून जे दोन काटे उरतात, ते पिन व्हाइसमध्ये धरले तर मऊ लाकडात ड्रिलचे काम करतात. मी अशाच हत्यारांनी दोन होड्या पूर्ण केल्या आहेत.

वाघोटणकाठ

सर्वांचे मनापासून आभार. छत्री सापडली. तिच्यावर आईचा जीव असल्याचे काडी कापल्यानंतर कळले, पण पटाशी खरोखर चांगली झाली आहे आणि ती आता नाळेच्या, म्हणजे गलबताच्या पुढच्या टोकाच्या, आतल्या बाजूचा कोपरा साफ करते.

सरांनी सांगितल्याप्रमाणे सर्जिकलच्या दुकानातून ३ नंबरची मूठ आणि ११ ची पाती आणली. दुकानदाराने ‘कोणत्या डॉक्टरांसाठी?’ असे विचारले. गलबतासाठी म्हटल्यावर त्याने पाती दिली, पण माझ्याकडे पाहत दिली. सुरीने पहिल्या दिवशी फळ्या लोण्यासारख्या कापल्या. दुसऱ्या दिवशी पाते बदलताना ते निसटले आणि डाव्या अंगठ्याच्या पेरावर चांगलाच काप गेला. तीन टाके पडले. आता दोन प्रश्न आहेत: पाते सुरक्षितपणे बदलतात कसे, आणि ४५ वल्ही एकसारखी करायला कोणते हत्यार लागते? सुरीने आतापर्यंत चार केली. चौघी बहिणी वाटाव्यात इतके साम्य आहे, पण जुळ्या नाहीत.

अलिबागची_१:७००

पाते कधीही बोटांनी काढू नये, कधीही! मी शस्त्रक्रियागृहात परिचारिका आहे आणि फावल्या वेळात १:७०० प्रमाणातील प्लॅस्टिकच्या युद्धनौका बांधते, त्यामुळे हा प्रश्न माझ्या दोन्ही मेजांवरचा आहे.

ज्या दुकानातून सुरी आणली तिथेच सरळ आर्टरी फोर्सेप, म्हणजे रक्तवाहिनी पकडायचा कात्रीसारखा चिमटा, मिळते, ती आणा. मूठ डाव्या हातात, पात्याचे टोक खाली आणि शरीरापासून दूर. फोर्सेपने पात्याची मागची, मुठीकडची तिरकी कड धरावी, किंचित उचलून ती खाचेतून सोडवावी आणि पाते पुढच्या दिशेने सरकवत काढावे. बसवतानाही पाते फोर्सेपनेच धरावे आणि टक् आवाज येईपर्यंत खाचेत सरकवावे. जुने पाते कचऱ्यात टाकू नका. कचरा वेचणाऱ्याच्या हातात ते जाते. जाड प्लॅस्टिकच्या घट्ट झाकणाच्या बरणीला वरून फट पाडा आणि त्यात टाकत जा. फोर्सेपला कुलूपासारखे दाते असल्यामुळे बरगडीशी फळी धरून ठेवण्यासाठीही ती कामाला येते, म्हणजे पैसे वाया जात नाहीत.

पात्यांबद्दल आणखी थोडे. पाती कार्बन स्टीलची आणि स्टेनलेसची अशी दोन्ही मिळतात. कार्बनची धार अधिक तीक्ष्ण वाटते, पण पाकीट फोडले की आपल्या हवेत ती लवकर डागाळतात. म्हणून लागेल तसे एकेकच फोडावे. ही पाती पातळ असतात, त्यामुळे त्यांना आडवा जोर देऊ नये. ११ चे टोक उकलण्यासाठी वापरले की ते मोडून उडते आणि ते कुठे जाते हे डोळ्याला फार उशिरा कळते. चष्मा नसेल तर साधा संरक्षक चष्मा लावा. २ मिलिमीटरपेक्षा जाड लाकूड या सुरीने कापूच नये. तिथे जंतरपट्टी यांची करवत. सोबत १५ नंबरची गोलाकार पाती थोडी घ्या. पातळ पितळी पत्रा कापताना ती काचेच्या तुकड्यावर पाळण्यासारखी झुलवत दाबली की कड वाकत नाही.

वाचकांपैकी कोणी प्लॅस्टिकचे किट करत असेल तर एवढेच सांगते, की तिथे सर्वांत महत्त्वाची वस्तू म्हणजे सपाट काप देणारी छोटी कटर. पहिला काप भागापासून २-३ मिलिमीटर दूर घ्यावा, दुसरा कटरची सपाट बाजू भागाकडे ठेवून जवळून घ्यावा. एकदम जवळून तोडले की प्लॅस्टिकवर पांढरा डाग उमटतो. त्या कटरने तार मात्र तोडायची नाही. घरातल्या कोणीतरी माझ्या कटरने भिंतीवरचा फोटो लावायची तार तोडली, त्या दिवसापासून ती कुलपात आहे.

भिंगाबद्दल कोणी लिहिले नाही. डोक्याला बांधायचे भिंग घ्या, पण जास्तीत जास्त शक्तीचे घेऊ नका. अडीच पटीच्या भिंगाखाली वस्तू डोळ्यांपासून साधारण २० सेंटिमीटरवर धरावी लागते आणि मग सुरीला व हाताला जागा उरत नाही. पावणेदोन पटीत सुमारे ३५ सेंटिमीटर मिळतात. दिवसभराच्या कामाला तेच बरे.

बंदरावरचा_डबा

गंजाच्या प्रश्नाकडे सर्वांचे दुर्लक्ष झालेले दिसते. माझे घर मालवणात समुद्रापासून शंभर पावलांवर आहे. इथे दाराच्या कड्यासुद्धा दर वर्षी रंगवाव्या लागतात.

खोबरेल तेल बंद करा. ते काही दिवसांनी चिकट होते, धूळ धरते आणि त्याच्याखाली गंज सुखाने वाढतो. शिवणयंत्राचे पातळ तेल घ्या. काम संपले की आधी हत्यार कोरड्या फडक्याने पुसा, कारण गंजाची सुरुवात बहुतेक वेळा आपल्याच घामट बोटाच्या ठशातून होते. माझ्या जुन्या स्टीलच्या पट्टीवर माझा अंगठा अजून ओळखता येतो. मग तेलाचा हात फिरवा, थेंब ओघळेल इतके नको. दुसऱ्या दिवशी लाकडाला हात लावण्यापूर्वी ते तेल स्पिरिटने पुसून टाका, नाहीतर फळीवर तेलाचा डाग पडतो आणि तिथे सरस धरत नाही.

ठेवायला रबरी कडेचा, घट्ट झाकणाचा प्लॅस्टिकचा डबा घ्या आणि त्यात निळी सिलिका जेल कापडी पुरचुंडीत ठेवा. ती गुलाबी झाली की ओलावा पिऊन तृप्त झाली असे समजावे. मंद आचेवर जुन्या तव्यात गरम केली की पुन्हा निळी होते. हा तवा पुन्हा स्वयंपाकात वापरायचा नाही, कारण तो निळा रंग कोबाल्टच्या क्षाराचा असतो. हत्यारे चामड्याच्या किंवा पुठ्ठ्याच्या म्यानात ठेवून डब्यात घालू नयेत. दोन्ही ओलावा धरतात. जून ते सप्टेंबर माझा डबा पडवीत नसतोच, तो चुलीच्या खोलीतल्या फळीवर असतो.

निवृत्त_निदेशक

अंगठा लवकर बरा होवो. पाते बदलण्याबद्दल मीच आधी लिहायला हवे होते, चूक माझी.

वल्ह्यांसाठी विकत मिळणारे हत्यार नाही, ते तुम्हालाच करावे लागेल. ४५ हवीत म्हणजे ५२ करा. प्रत्यक्षात ५ मीटरचे वल्हे धरले तर तुमचे १० सेंटिमीटरचे होईल. शिवणीच्या ३ मिलिमीटर रुंद व दीड मिलिमीटर जाड पट्ट्या काढा. मग एका फळीवर काटकोनात दोन कडा ठोकून छोटी करवतपेटी करा, गुण्याने, म्हणजे काटकोन पाहायच्या हत्याराने, तपासा आणि १० सेंटिमीटरवर एक अडसर चिकटवा. पट्टी अडसराला टेकवायची आणि कापायची. यात मोजणे येत नाही, म्हणून चूकही येत नाही.

दांडा गोल करण्यासाठी तासणी बनवा. जुन्या हातकरवतीच्या पात्याचा दोन इंची तुकडा घ्या. करवतीला कानशीनेच धार लावतात, म्हणजे ते पोलाद कानशीला दाद देते. हॅकसॉचे पाते देत नाही. तुकड्याच्या कडेला गोल कानशीने अर्धवर्तुळाकार खाच पाडा, तोंडाशी दीड मिलिमीटरची, आणि सपाट बाजू पथरीवर घासून खाचेची कड धारदार करा. आता सुरीने पट्टीचा दांड्याकडचा भाग आधी चौकोनी, मग अष्टकोनी करून घ्या आणि तासणी त्यावरून ओढा, पट्टी फिरवत. खाच लाकडावरून सरकू लागली पण भुसा निघेनासा झाला की दांडा मापाचा झाला.

पात्याची जाडी सर्वांत अवघड, कारण डोळ्याला तीच आधी दिसते. हेदाच्या किंवा दुसऱ्या कठीण लाकडाच्या ठोकळ्यात ३ मिलिमीटर रुंद आणि ०.६ मिलिमीटर खोल खोबण करा. वल्ह्याचे पाते त्या खोबणीत ठेवा, वर येणारा भाग काडीवरच्या पॉलिश पेपरने घासा आणि पेपर ठोकळ्याला टेकला की थांबा. खोबण पाचपन्नास वल्ह्यांनंतर झिजते, म्हणून ठोकळ्याच्या दोन्ही तोंडांना एकेक करून ठेवा.

वाघोटणकाठ

ठोकळा केला. हेद मिळाला नाही, पण शेजारच्या सुतारकाकांनी जुन्या चरख्याच्या चातीजवळचा कसलासा कठीण तुकडा दिला, तो चालला. पहिली खोबण ०.८ खोल झाली, ती सोडून दिली. दुसरी बरोबर आली.

चौदा वल्ही झाली आहेत. व्हर्निअर कॅलिपरने पाती मोजली: सर्वांत जाड ०.६५ आणि सर्वांत पातळ ०.६०. खिळ्यांसाठी सावंतवाडीला जाणार आहे, जंतरपट्टी यांना व्यक्तिगत निरोप पाठवला आहे. वडील घरी नसतील तो दिवस कळवावा. फोर्सेप आणली, काल तिनेच पाते बदलले. आईसाठी नवी छत्रीही घेतली, फायबरच्या काड्यांची.